गुळगुळीत कोबा

"आधी माझ्या पायावर घाव घाला, मग कोब्यावर," असं म्हणून मी परसातल्या कोब्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिले.

बाबालाल मिस्त्रीनं उचललेला हातोडा तसाच खाली घेतला आणि आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणजे माझे थोरले दीर, भूपाल मगदूम. राहायला पुण्यात, हुकूम सोडायला तासगावात. सणासुदीला यायचे आणि घरातल्या एकेका गोष्टीत खोट काढून परत जायचे. त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत आमचा कोबा खुपला.

"त्रिशला, बाजूला हो."

"होणार नाही."

"का पण? कारण तरी सांग."

कारण जिभेच्या टोकावर होतं, पण त्याच्यावर शपथ बसलेली होती. मी म्हटलं, "कारण काही नाही. कोबा आहे तसा राहू दे."

"आहे तसा? डोळे फुटलेत काय तुझे?" आण्णांनी चपलेच्या टोकानं एक पोपडा उडवला. "सगळीकडं खडी वर आलीय. ही भेग बघ, विळा घुसेल हिच्यात. आईची पंच्याहत्तरी इथं करायचीय. पाव्हण्यांनी काय ठेचा खात यायचं?"

खोटं काही बोलत नव्हते ते. मागच्या दारापासून फुलझाडांपर्यंतचा तो कोबा मामंजींनी घातलेला. ते गेले, कोबा म्हातारा झाला. दारातून निघालेली एक लांब भेग सरळ जाऊन मग डावीकडं, फुलझाडांच्या अंगाला वळली होती. वळणाशी वरचा थर जाऊन खडी उघडी पडली होती, आणि पार पुढं, जिथं कोबा संपून कमरेएवढं खाली केळीचं बन लागतं, तिथला एक तुकडा उचलून वर आला होता. बघणाऱ्याला ती दैनाच वाटणार.

"ठेचा लागतील त्यांनी चपला घालाव्यात," मी म्हटलं.

माझा नवरा श्रेणिक दारात दात घासत उभा होता. कुठल्याही भांडणात त्याचा पक्ष एकच, जेवण वेळेवर मिळण्याचा. "जाऊ दे की गं," तो तोंडातला फेस सांभाळत म्हणाला. "आण्णा एवढं हौसेनं करून घ्यालाय."

"तुम्ही चूळ भरा आधी."

माझा राग आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. गवळी दुधात पाणी घालताना आमच्या घराचं माप वेगळं काढून ठेवायचा म्हणतात. पण त्या सकाळी माझा राग कुणाच्या उपयोगाचा नव्हता, कारण तो कशासाठी आहे हेच मला सांगता येत नव्हतं. बिनकारणाचा राग म्हणजे बघणाऱ्याला वेडच वाटतं.

आण्णांनी शेवटी दाराकडं बघून हाक मारली. "आई, तूच सांग बाई हिला."

आत्ती चौकटीला धरून उभ्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. एक शब्द त्या बोलल्या असत्या, 'नको' एवढा, तर आण्णांनी मुकाट्यानं मिस्त्रीला वाटेला लावलं असतं. आईचा शब्द ते मोडत नसत.

"करू दे त्याला," आत्ती म्हणाल्या. "हिचं काय ऐकत बसलाईस? भांडखोर आहे ही. हिला उठता-बसता कशाचा तरी राग येतच असतो."

बाबालाल हसला. श्रेणिकही हसला. मी कोब्यावरून खाली उतरले, आणि माझ्या पाठीमागं छिन्नीचा पहिला ठोका पडला.

तडक स्वयंपाकघरात गेले. आत्ती परातीसमोर बसून कणीक मळायला लागल्या होत्या. मी ती परात त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतली.

"भांडखोर मी? उठता-बसता राग येतो मला?"

"हळू बोल."

"हळू कशाला? कुणासाठी उभी राहिले मी तिथं? माझ्या पायाला काय तो कोबा टोचतोय?"

"दार लाव आधी," आत्ती म्हणाल्या.

मी दार लावलं. लावलं कसलं, आपटलं.

आत्तींना काचबिंदू होता. हे घरात फक्त मला माहीत होतं. हा आजार मोठा फसवा. आत्ती पेपर वाचायच्या, सुईत दोरा ओवायच्या, समोर बसलेल्या बाईच्या कानातली कुडी ओळखायच्या. पण बाजूचं आणि पायाखालचं सगळं गेलं होतं. कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघावं तेवढंच त्यांना दिसायचं, आणि उन्हात गेलं की तेही पांढरंफटक. मला कळलं ते असंच. एकदा त्या पेपर वाचता वाचता उठल्या आणि शेजारच्या बादलीवर आदळल्या. आधी मी चिडलेच होते, एवढी मोठी बादली दिसत नाही का म्हणून. मग मला शंका यायला लागली. बाहुबलीला दर्शनाला जातो असं घरात सांगून मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर येताच, भर रस्त्यात, त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ आहे तुला. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शपथेवर माझा विश्वास होता का? अर्धा होता. पण आत्तींचा पूर्ण होता, आणि तेवढा पुरे होता.

"आत्ती," मी परात खाली ठेवत म्हटलं, "सोडा शपथ. आत्ताच्या आत्ता. मी आण्णांना सांगते, काम थांबतंय."

"नाही."

"उद्या तुम्ही चालणार कशा?"

त्या परसात कशा चालायच्या ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. रोज पहाटे बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात, न्यायची फुलं त्या स्वतः तोडायच्या, आणि अनवाणी जायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बघा, केवढी श्रद्धा. श्रद्धा होतीच, पण अनवाणी जाण्याचं कारण दुसरं होतं. दारातून निघालं की टाच भेगेवर ठेवायची. तळव्याला उघडी खडी लागली की डावीकडं वळायचं. आणि चुकून पुढं गेलंच तर तो उचललेला तुकडा बोटांना लागायचा, म्हणजे थांबायचं, पुढं खड्डा. मामंजींच्या कोब्याची सगळी दुखणी आत्तींच्या तळव्यांना पाठ होती.

"तुला चंपाक्काचं माहीत आहे ना?" आत्ती म्हणाल्या.

चंपाक्का त्यांची थोरली बहीण, इचलकरंजीची. "तिला दिसत नाही म्हटल्यावर पोरांनी आधी तिच्या हातातली विळी काढून घेतली. प्रेमानंच. मग चुलीकडं जाऊ दिलं नाही. मग अंगणात नाही. बस तू, बस तू, असं म्हणत म्हणत खुर्चीत बसवली, आणि शेवटी घास भरवायला लागली. तिला दिसत नव्हतं गं, हात चांगले होते की तिचे! वर्ष काढलं नाही तिनं." त्यांनी परात पुन्हा पुढ्यात ओढली. "नुसतं नको म्हटलं तरी भूपाल खोदखोदून कारण विचारणार. कळलं की तो मला पुण्याला नेणार. तो वाईट नाही. म्हणूनच नेणार."

"आणि मला चार माणसांत भांडखोर म्हणालात ते?"

"तुला काय, तू आहेसच," आत्ती म्हणाल्या, आणि कणीक मळायला लागल्या.

अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ज्या बाईसाठी मी जगाशी भांडत होते, तिनंच मला खुशाल पुढं ढकलून दिलं होतं.

तरी माझ्या जिवाला चैन पडेना. दुपारी बाबालालला चहा द्यायला गेले. जुन्या कोब्यावर नवा थर धरून राहावा म्हणून त्यानं छिन्नीनं सगळीकडं टोचे मारून ठेवले होते. आता धुऊन, सिमेंटचं पाणी शिंपडून, वर नवा माल टाकायचा होता.

"मिस्त्री, एक काम करा. ओला आहे तोवर वर खराट्याच्या रेघा ओढा. आणि डावीकडं वळताना थोडी खडी उघडी ठेवा."

बाबालालनं बशी खाली ठेवली. "वैनी, काय बोलताय? घोटून घोटून गुळगुळीत करणार मी. माझी घोटाई बघायला मान्सं येत्यात. तिच्यावर खराटा फिरवू? गावात नाव हाय माझं."

"पावसात घसरतं म्हणून म्हणते."

तेवढ्यात आण्णा मागून आले. "काय म्हणते ही?"

"वैनी म्हणत्यात, खराटा मारा."

"खराटा? घर आहे का गोठा? गुरं बांधायचीत तुला इथं?" आण्णा हसले, मग आवाज चढवून म्हणाले, "ऐक. माझ्या आईला मी आयुष्यात काही दिलं नाही. बंगला बांधून देणार होतो, जमलं नाही. एवढी एक गोष्ट करतोय, त्यात मोडता घालू नकोस. मिस्त्री, तोंड दिसलं पाहिजे त्यात."

"दिसंल की आण्णा. उभं राहून दाढी करा."

मी चहाची किटली उचलून आत आले. त्या माणसाचं आईवर प्रेम होतं यात मला शंका नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. वाईट हेतूनं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

कोबा झाला. खरोखर आरशासारखा झाला. आण्णा पुण्याला गेले आणि जाताना पाणी मारायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात घालून गेले. मी सकाळ-संध्याकाळ त्यावर ओली पोती पसरायची आणि मनातल्या मनात दोघा मायलेकांना शिव्या घालायची. आत्ती तेवढे दिवस गुडघे दुखतात म्हणून परसात उतरल्या नाहीत. फुलं मी तोडून आणायची.

"आज जास्वंद किती फुललीय?" त्या पायरीवर बसून विचारायच्या.

"जाऊन बघा," मी म्हणायची.

पोती काढली त्या दिवशी त्या पायरीवरून उतरल्या आणि एक पाय कोब्यावर ठेवला. तळवा पुढं सरकवला, मागं घेतला, डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला. मला वाटलं, आता तरी त्या हात वर करतील, आता तरी म्हणतील की जा, सांग सगळ्यांना.

"इथं काहीच नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन पुन्हा पायरीवर बसल्या.

पंच्याहत्तरीचा दिवस आला. मांडव नव्हता, उघड्यावरच सगळं. कोब्याच्या कडेनं खुर्च्या मांडल्या, आण्णांनी फुलांच्या माळा लावल्या. नातेवाईक जमले, बाबालालही नवा सदरा घालून आला. आमचं आधीच ठरलं होतं. मी आत्तींचा दंड धरून त्यांना दारापासून फुलझाडांपाशी मांडलेल्या खुर्चीपर्यंत न्यायचं. वय झालंय, सून धरून नेते, कुणाला काही वाटणार नाही.

आम्ही दोघी दारात आलो. आत्तींनी हिरवं इरकल नेसलं होतं. ऊन असं पडलं होतं की त्या नव्या कोब्याकडं माझ्याच्यानं बघवेना.

आण्णा समोर कॅमेरा घेऊन उभे. "त्रिशला, हात सोड तिचा."

"का?"

"नव्या कोब्यावर पहिलं पाऊल आईचं. एकटीचं. फोटो काढायचाय."

"मी धरते. त्यांचे गुडघे दुखतात."

"पायऱ्या चढायच्यात का तिला? एवढा सपाट करून दिलाय तो कशाला? सोड हात! तुला प्रत्येक ठिकाणी मधे यायचंच असतं का?"

सगळे बघत होते. कुणीतरी बाई "अगं, सोड की" म्हणाली. मी आत्तींचा दंड सोडला नाही. आत्तींनीच माझी बोटं एकेक करून काढली आणि चालायला लागल्या.

ताठ चालल्या. मान वर, पदर खांद्यावर. आण्णा बाजूला होत फोटो काढत होते, लोक टाळ्या वाजवत होते. आत्तींचं तोंड सरळ समोर होतं, केळीच्या बनाकडं. वळायची जागा आली. वळायला हवं होतं. त्यांचा पाय त्या गुळगुळीत सिमेंटवर जरा घोटाळला, खडी शोधत होता, आणि काहीच न सापडल्यामुळं तसाच पुढं पडला.

मी शपथेचा विचार केला नाही. काहीच विचार केला नाही.

"आत्ती, थांबा!"

त्या जिथल्या तिथं थांबल्या. एक पाय उचललेला होता तो तसाच मागं घेतला. पुढच्या पावलाला कोबा नव्हता.

"डावीकडं वळा. आणखी. आता सरळ. या. या. बस. हात पुढं करा."

आत्तींनी हात पुढं केला. तो खुर्चीच्या पाठीला लागला.

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. मग आण्णांच्या आत्या, रत्नाबाई म्हणाल्या, "उन्हानं डोळे दिपले असतील हो. असं होतं."

"होय, उन्हानंच," आण्णांनी तेवढं झेललं आणि माझ्याकडं वळले. "आणि तू! केवढ्यानं ओरडलीस! दचकून पडली असती म्हणजे? चांगल्या दिवशीही तुला गप्प बसवत नाही?"

मी तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं माझ्या घशाशी आलं होतं. पण आत्तींनी हात वर केला.

"ती ओरडली नसती तर मी पडले असते," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही, भूपाल."

"काय बोलतेस आई? सकाळी पेपर वाचलास तू."

"समोरचं दिसतं. पायाखालचं दिसत नाही. बाजूचं दिसत नाही. हिला माहीत होतं. मीच हिला शपथ घातली होती, बोलायचं नाही म्हणून. म्हणून ती कोब्यावर उभी राहिली होती. आणि मी हिला तुझ्यासमोर भांडखोर म्हणले." मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "सुटली शपथ."

श्रेणिक माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

आण्णा आईच्या पायाशी बसले. त्यांना रडू आलं होतं. "असं कसं लपवलंस गं? उद्याच पुण्याला चल. सगळ्यात मोठ्या डॉक्टरला दाखवू. आमच्याकडं लिफ्ट आहे, कामाला बाई आहे. तुला चालायची गरजच पडणार नाही."

"ऐकलंस?" आत्ती मला म्हणाल्या.

"ऐकलं."

"बाबालाल आलाय का रे?"

"हाय की अक्का," बाबालाल मागून पुढं आला. न्हाणीच्या भिंतीचं काम अजून बाकी होतं, त्यामुळं त्याची हत्यारं परसातच पडून होती. आत्तींनी छिन्नी आणि हातोडा मागितला. त्याला वाटलं त्यांना पूजा-बिजा करायची असेल. त्यानं पानसुपारीसारखं दोन्ही आदबीनं आणून दिलं.

आत्ती उठल्या. खुर्चीला धरून वाकल्या, आणि इरकलासकट खाली कोब्यावर बसल्या. हातानं चाचपत चाचपत मला म्हणाल्या, "मला वळायच्या जागी ने."

मी त्यांना दंड धरून नेलं. त्या पुन्हा खाली बसल्या आणि छिन्नी-हातोडा माझ्या हातात दिला.

"इथं मार."

"आई!" आण्णा ओरडले. "अगं नवाकोरा आहे तो! तुझ्यासाठी केलाय!"

"माझ्यासाठी केलाय तर माझ्या कामाचा होऊ दे. मी कुठंही जाणार नाही. माझी फुलं मी तोडणार." त्यांनी मान वर केली नाही. "मार गं."

"आत्ती, पाव्हणे बसलेत," मी म्हटलं.

"म्हणूनच. माझ्यावर राग आहे ना तुझा?"

बाबालाल कपाळाला हात लावून उभा होता. आण्णा हातोड्याकडं बघत होते. खोटं बोलून मला तिथून सुटता आलं असतं.

"आहे," मी म्हटलं. "खूप आहे."

"मग जोरात मार."

मी पदर खोचला, छिन्नी टेकवली आणि हातोडा हाणला. पहिल्या घावाला नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्याला टवका उडाला. मग मी किती मारले कुणास ठाऊक. सिमेंटचे कण माझ्या तोंडावर, आत्तींच्या इरकलावर उडत होते आणि मला रडू येत होतं, पण हात थांबत नव्हता. कुणी मला अडवायला पुढं आलं नाही.

दमले तेव्हा थांबले. आत्तींनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उभ्या राहिल्या आणि उजवा तळवा त्या जागेवर ठेवला. सावकाश फिरवला.

"अजून खोल," त्या म्हणाल्या.